बाटलीवरच्या रेघा

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लघवीला जळजळ होते?"
मला हसूच आलं.
सतरा वर्षं मसाला मार्केटात मिरचीचे देठ खुडते,
बाई, जळत काय नाही ते विचारा.

त्या हसल्या नाहीत.
तुर्भ्याचं आरोग्य केंद्र, पंख्याचं एक पातं वाकडं,
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"सकाळपासून पाणी किती प्यायलात?"
मी आठवू लागले.
चहा. चहा धरायचा का?
मग डब्यानंतर दोन घोट,
घास छातीत अडकू नये एवढेच.

"का?"

का म्हणजे काय.
गाळ्यात आम्ही बाराजणी आणि संडास एक,
तोही माळ्यावर, ऑफिसच्या आत,
किल्ली हिंमतभाईंच्या गल्ल्यामागच्या खिळ्याला.
ती मागायची म्हणजे
हमाल, दलाल, गिऱ्हाईक, सगळ्यांच्या देखत
आपल्या ओटीपोटातलं बोलून दाखवायचं.
त्यापेक्षा तहान बरी.
तहान गप्प बसते.

हे मला हौसाक्कानं शिकवलं, पहिल्याच दिवशी,
देठ कसा मोडायचा त्याच्या आधी:
"ओठ ओले कर, गिळू नको.
घरी गेल्यावर पी की हंडाभर."
हौसाक्का आता गावी असते.
आठवड्यातून दोनदा तिला कराडला नेतात,
मशीनला लावतात.
तिथंही म्हणे पाणी मोजूनच देतात.

तेजल नववीत आहे.
कोपरखैरण्याच्या खोलीत रात्री तिनं
माझी बाटली मांडीवर घेतली
आणि जांभळ्या नेलपॉलिशनं चार रेघा ओढल्या.
दहा. बारा. दोन. चार.
वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.
"आई, रेघेच्या वर पाणी दिसलं तर बघ."

पहिल्या दिवशी दहाची रेघ गाठली.
अकरा वीसला पाण्यानं हाक दिली.
हातात बेडगी होती, सुरकुतलेली, लांबडी.
आणखी चाळीस खुडल्या.
मग उठले.
"शेठ, किल्ली."
दोनच शब्द, पण ओरडल्यासारखे निघाले.
हमाल पोती मोजत होता, सव्वीस, सत्तावीस, थांबला नाही.
एक दलाल बघत होता.
बघू दे.
हिंमतभाई वहीतून मान न काढता म्हणाले,
"वर साबण नथी, अहींथी लेती जा."

सतरा वर्षं.
साबणाची वडी हातात घेऊन
मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर जरा बसलेच.

बाकी जग नंतर हात धुतं.
आम्ही आधी.
साबण, मग बाटलीच्या झाकणात आणलेलं खोबरेल,
मग परत साबण,
तरी बोटांच्या बेचक्यातून तेजा मिरची सुटत नाही.
नवीन मुलीला हे कुणीतरी सांगावं लागतं.
कुणी सांगितलं नाही तर
ती एकदाच शिकते.

दुसऱ्या दिवशी यल्लव्वा म्हणाली, "जातेस? थांब, मी पण."
मग शकिला.
आता किल्लीला लाल सुतळी बांधली आहे,
मिरच्यांच्या ढिगात पडली तर सापडत नाही,
म्हणून दोनदा शोधाशोध झाली,
शेवटी पांढरी बांधली.

नंदा एकोणीसची. तोंड बांधून बसते,
पदराची कड ओठात घट्ट.
तिला मी काही बोलत नाही.
बाटली दोघींच्या मध्ये ठेवते,
झाकण उघडं.
परवा बाराच्या रेघेला पाणी
माझ्या हिशोबापेक्षा कमी होतं.

गुंटूरचे ट्रक येतात तेव्हा
दोनची रेघ साडेतीनला येते,
चारची येतच नाही.
मग सानपाड्याच्या पुलाखाली उभी राहून
उरलेलं गटागटा पिते,
रिक्षावाले बघतात, ही बाई कुठून पळून आली.

घरी तेजल बाटली तपासते,
गृहपाठ तपासावा तशी.
उजेडाकडे धरते, उलटी करते,
हलवते.
तळाशी दोन थेंब असतात.
माझ्याकडे बघते.

"हे पण," म्हणते.